माल निघाला, पण पोचला का?
वाटेतल्या मालचोरीबद्दल आपल्या गटांनी समजून घ्यायच्या गोष्टी



मालचोरी म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मोठ्या कंपन्यांचा प्रश्न. कंटेनर त्यांचे, ट्रक त्यांचे, गोदामं त्यांची. आपल्या वीस गोण्या तांदळाला नाहीतर चार खोकी पापडाला कोण हात लावणार? पण ग्रामसंघाच्या बैठकांना बसलं की तीन वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर येतात. "एक गोणी कमी उतरली." "व्यापाऱ्यानं वजन कमी सांगितलं." "माल नेला आणि आता फोनच उचलत नाही." या तिन्ही गोष्टींना आपण "नुकसान झालं" म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. इतिवृत्तात तर त्याची ओळसुद्धा येत नाही.

या तिन्ही गोष्टी मालचोरीचेच प्रकार असू शकतात. मोठ्या कंपन्यांचा माल ज्या पद्धतींनी जातो, त्याच पद्धतींनी आपलाही जातो. फरक एवढाच, की कंपनीकडे विमा असतो, वकील असतो. आपल्याकडे बँकेच्या कर्जाचा हप्ता असतो. म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

आपण रस्त्यावरच बसलो आहोत

आपल्या तालुक्यांचा नकाशा डोळ्यासमोर आणा. उरणकडे जेएनपीए (आधीचं जेएनपीटी), म्हणजे देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक. घाटाच्या वर पुणे, चाकण, तळेगाव इथले कारखाने. या दोन टोकांच्या मध्ये आपला खालापूर तालुका. सुमारे 95 किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आपल्या शिवारातून जातो, जुना मुंबई-पुणे रस्ताही जातो. पाताळगंगा-रसायनीची एमआयडीसी, खोपोलीचे कारखाने, चौक आणि सावरोली बाजूला उभी राहिलेली गोदामं. कर्जत जंक्शनवरून रेल्वे, आणि नेरळ-बदलापूर रस्त्यानं कल्याण-भिवंडीकडे जाणारी वाहतूक. भिवंडी म्हणजे गोदामांचं गावच.

एवढा माल रोज आपल्या दारावरून जातो, तेव्हा मालचोरीचा प्रश्न तीन वाटांनी आपल्यापर्यंत येतो. पहिली वाट, आपला स्वतःचा माल जातो. दुसरी, कुणाचा तरी चोरलेला माल स्वस्तात आपल्या दारात विकायला येतो. तिसरी, आपल्या घरातला कुणी ड्रायव्हर, क्लीनर, हमाल किंवा गोदामावर वॉचमन असतो आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर येतो. तिन्हीबद्दल पुढे लिहिते.

एक गोणी गेली तर किती गेलं?

आधी हिशेब मांडू. समजा, एका गटानं 25 किलोच्या 20 गोण्या तांदूळ पनवेलला पाठवला. भात, भरडाई, गोणी, हमाली, भाडं असं सगळं धरून एका गोणीला 1,250 रुपये खर्च आला. विक्री 1,400 रुपयांना ठरली. म्हणजे गोणीमागे 150 रुपये सुटणार. वीस गोण्यांचे 3,000 रुपये.

आता एक गोणी वाटेत गेली. खर्च वीस गोण्यांचा झालाच आहे, 25,000 रुपये. पैसे मात्र एकोणीस गोण्यांचे येणार, 26,600 रुपये. नफा उरला 1,600. म्हणजे एका गोणीनं जवळजवळ निम्मा नफा खाल्ला. दोन गोण्या गेल्या तर हातात 200 रुपये राहतात. तीन गेल्या तर 1,200 रुपये पदरचे घालावे लागतात.

वजनातली घटसुद्धा अशीच धरा. प्रत्येक गोणीत अर्धा किलो कमी भरला, तर वीस गोण्यांत दहा किलो तांदूळ गेला. 56 रुपये किलोच्या दरानं 560 रुपये. ही चोरी कुणाला दिसत नाही. गोण्या वीसच असतात, सगळं बरोबर वाटतं.

म्हणून "एकच तर गोणी गेली" असं म्हणू नका. विकलेल्या आठ गोण्यांचा नफासुद्धा एका गेलेल्या गोणीची भरपाई करायला पुरत नाही.

माल जातो कसा?

चोरी म्हणजे रात्री दरोडा, असं चित्र आपल्या मनात असतं. तसं होतंही, पण बहुतेक वेळा माल शांतपणे जातो. मुख्य प्रकार असे आहेत.

उभ्या गाडीतून. गाडी धावत असताना चोराला अवघड असतं. ती थांबली की सोपं होतं. रात्री ढाब्यावर, पेट्रोल पंपाबाहेर, घराच्या अंगणात भरून ठेवलेला टेम्पो. जुलै 2023 मध्ये टोमॅटोचे भाव आकाशाला भिडले होते, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड इथे एका शेतकऱ्यानं बाजारात न्यायला गाडीत भरून घराबाहेर ठेवलेले टोमॅटोचे 20 क्रेट, म्हणजे सुमारे 400 किलो माल, रातोरात गेला. यातून दोन गोष्टी कळतात. भाव वाढला की साधी भाजीही चोरीचा माल होते. आणि भरलेली गाडी रात्रभर उभी ठेवणं म्हणजे उघड्यावर पैसे ठेवणं.

खोटा अपघात करून. त्याच महिन्यात बेंगळुरूजवळ एका शेतकऱ्याची टोमॅटोची गाडी अडवली. "तुमच्या गाडीनं आमच्या गाडीला धडक दिली, भरपाई द्या" म्हणून भांडण काढलं, मग गाडीच ताब्यात घेतली. सुमारे अडीच टन माल होता. पोलिसांनी पुढे तमिळनाडूतल्या एका जोडप्याला अटक केली. घाटात, फाट्यावर, गाडी हळू होते तिथे कुणी असं भांडण उकरून काढलं, तर ड्रायव्हरनं खाली उतरून वाद घालू नये. दारं बंद ठेवून 112 ला फोन लावावा आणि वर्दळीच्या जागी गाडी न्यावी.

चालत्या गाडीतून. चढावर भरलेला ट्रक माणसाच्या चालीनं जातो. मागून चढायचं, ताडपत्री फाडायची, खोकी खाली टाकायची. पुढे बसलेल्याला काही कळत नाही. लहान टेम्पोत हे कमी होतं, पण मागचं फळकुट नुसतं दोरीनं बांधलेलं असेल तर सिग्नलला, फाटकाला उभं असतानाही एखादं खोकं जातं.

थोडा थोडा माल काढून. गोणीची शिवण उसवून दोन किलो काढायचे आणि परत शिवायची. डब्यांच्या खोक्यातून तळाचे दोन डबे काढायचे. यात बहुधा मालाला हात लावणारंच कुणीतरी सामील असतं. सगळे ड्रायव्हर-हमाल असे नसतात, बहुतेक जण प्रामाणिकच असतात. पण मोजणीच झालेली नसेल, तर प्रामाणिक कोण आणि अप्रामाणिक कोण हे सांगणार कसं?

खोट्या खरेदीदाराकडून. हा प्रकार अलीकडे जगभर वाढतो आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या मालचोरीची नोंद ठेवणाऱ्या कार्गोनेट या संस्थेकडे 2024 मध्ये 3,625 घटना आल्या, आदल्या वर्षापेक्षा 27 टक्के जास्त. तिकडेही टोळ्या आता गाडी लुटण्यापेक्षा खोटी कागदपत्रं दाखवून माल उचलण्याकडे वळल्या आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये लंडनच्या नील्स यार्ड डेअरी या चीजच्या व्यापाऱ्याकडून 22 टन चीज असंच गेलं. किंमत 3 लाख पौंड, म्हणजे आपल्या 3 कोटी रुपयांहून जास्त. फ्रान्समधल्या मोठ्या दुकानांसाठी घेतोय असं सांगणारा घाऊक खरेदीदार होता. माल पोचवला, पैसे आलेच नाहीत. ते चीज छोट्या छोट्या उत्पादकांनी केलेलं होतं. व्यापाऱ्यानं त्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून दिले, म्हणून ते वाचले.

आता आपल्याकडे पाहा. गटाला फोन येतो, "मी लष्कराच्या कॅन्टीनमधून बोलतोय, 200 पाकिटं मसाला पाहिजे." नाहीतर, "मुंबईत आमची दुकानांची साखळी आहे, आज गाडी पाठवतो, पैसे उद्या." मोठी ऑर्डर मिळाली म्हणून आपल्याला आनंद होतो, आणि आनंदात आपण विचारायचं विसरतो. कधी तर माल राहतो बाजूलाच, "पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा" म्हणून आपल्याच खात्यातले पैसे जातात. पक्कं लक्षात ठेवा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. असं झालं तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पाचवं सूत्र मालालाही लावा

आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? लेखे अद्ययावत ठेवणं. पैशाचं आपण चोख ठेवतो. दहा रुपये उशिरा भरले तरी दंड लिहितो. मग हजारो रुपयांचा माल गाडीत चढतो तेव्हा कागद का नको?

ओळखीचा टेम्पो आहे, गावातलाच भाऊ आहे, त्याच्याकडून सही काय घ्यायची, असं ताई म्हणतात. संकोच वाटतो हे खरं. पण सही म्हणजे अविश्वास नव्हे. उद्या व्यापारी म्हणाला "अठराच गोण्या आल्या", तर तो कागद त्या भावालाही वाचवतो. त्याच्याच हातात पुरावा राहतो की वीस घेतल्या आणि वीस उतरवल्या.

त्यासाठी साध्या वहीत तीन प्रतींचं चलन करा, मध्ये कार्बन घाला. एक प्रत गटाकडे, एक ड्रायव्हरकडे, एक माल घेणाऱ्याकडे. त्यावर एवढं असावं:

• तारीख, माल भरल्याची वेळ, कुठून कुठे
• मालाचं नाव, नग किती, एकूण वजन किती, किंमत किती
• गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि मोबाइल
• सील किंवा शिवणीची खूण
• भरून देणाऱ्या ताईची सही, ड्रायव्हरची सही
• पोचल्यावर घेणाऱ्याची सही, वेळ आणि "नग बरोबर" किंवा "नग कमी" असा शेरा

त्यातला शेवटचा शेरा सगळ्यात महत्त्वाचा. माल कमी उतरला असेल तर तो शेरा तिथेच, त्याच वेळी लिहून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही.

माल भरताना मोबाइलवर तीन फोटो काढा: रचलेल्या मालाचा, गाडीच्या नंबरप्लेटचा आणि मागचं दार बंद केल्यावरचा. गोणीची शिवण रंगीत सुतळीनं घाला आणि सगळ्या गोण्यांना एकच रंग ठेवा. कुणी उसवून पांढऱ्या दोऱ्यानं शिवली तर लगेच दिसतं. खोक्यांवर गटाच्या नावाची चिकटपट्टी लावा आणि जोडावर सही करा. खोक्यांना 1 ते 20 असे क्रमांक घाला, म्हणजे कोणतं गेलं तेही कळतं. या सगळ्याला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत.

अनोळखी गाडी असेल तर एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहा. गाडी कोणत्या प्रकारची, विमा आणि फिटनेस चालू आहे का, हे दिसतं. नंबर ट्रकचा सांगितला आणि ॲपवर मोटारसायकल दिसली, तर माल भरूच नका.

बिल्टी आणि दहापटीचा नियम

ट्रान्सपोर्ट कंपनीमार्फत माल पाठवलात तर बिल्टी मिळते. ती नीट वाचा. रस्ता मालवाहतुकीचा 2007 चा कायदा आहे, 2011 पासून लागू आहे. कंपनीनं मालाची पावती दिली पाहिजे, आणि त्या पावतीवरचे नग आणि वजन हा पुरावा धरला जातो. माल हरवला तर जबाबदारी कंपनीवर येते.

पण यात एक मेख आहे. वेगळं काही ठरवलं नसेल, तर कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. समजा, तुमचा माल 60,000 रुपयांचा आणि भाडं 800 रुपये. सगळा माल गेला तरी या नियमानं भरपाई 8,000 रुपयांपर्यंतच. बाकीचे 52,000 गेले. हे टाळायचं असेल तर माल देतानाच त्याची पूर्ण किंमत लिहायची आणि जास्त जोखमीचा दर भरायची तयारी लेखी द्यायची. भाडं थोडं वाढेल. पण किती वाढेल ते विचारून, हिशेब करून ठरवा. न विचारता सही करू नका.

दुसरी मेख मुदतीची. दावा करायचा असेल तर माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. "बघू, शोधतोय, पुढच्या आठवड्यात सांगतो" यात सहा महिने कधी निघून जातात कळत नाही. फोनवर बोलणं म्हणजे नोटीस नव्हे. स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

विम्याबद्दल एक गैरसमज आहे. "गाडीचा विमा आहे ना" असं ड्रायव्हर सांगतो. गाडीच्या विम्यात गाडी येते, त्यातला तुमचा माल येत नाही. मालासाठी वेगळा वाहतूक विमा असतो. तो घेताना एकच प्रश्न ठासून विचारा: यात चोरी आणि माल न पोचणं धरलं आहे का? कमी हप्त्याच्या काही पॉलिसींमध्ये आग किंवा अपघात एवढंच असतं. एकट्या गटाला हे परवडणार नाही. प्रभाग संघानं प्रदर्शनाच्या हंगामात सगळ्या गटांचा माल एकत्र पाठवला तर भाडंही वाचेल आणि विमाही परवडेल.

माल गेला, आता काय करायचं?

रडत बसायचं नाही आणि आपापसात कुणाला दोषही द्यायचा नाही. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

पहिलं, 112 ला फोन. गाडी नंबर, शेवटचं ठिकाण, मालाची खूण सांगा. गाडी द्रुतगती मार्गानं गेली असेल तर टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद राहते आणि पैसे कापल्याचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो. गाडी खालापूर नाका ओलांडून गेली की नाही, किती वाजता गेली, हे त्यावरून कळतं. तो संदेश पुसू नका म्हणून गाडीमालकाला सांगा.

दुसरं, तक्रार. इथे आपल्या ताईंना हमखास ऐकावं लागतं, "ही आमची हद्द नाही." हे का होतं बघा. कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली, रसायनी ही ठाणी रायगड पोलिसांची. पनवेल-कळंबोली आलं की नवी मुंबई पोलीस आयुक्तालय. घाट चढून लोणावळ्याला गेलं की पुणे ग्रामीण. आपला टेम्पो दोन तासांत दोन हद्दी ओलांडतो. माल नेमका कुठे गेला हे आपल्याला कसं माहीत असणार?

कायद्यानं त्यावर उत्तर दिलं आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो. तिला झिरो एफआयआर म्हणतात. ते ठाणं नोंद करून पुढे योग्य ठाण्याकडे पाठवतं. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. नोंदच घेतली नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. आपले अधीक्षक अलिबागला बसतात.

रेल्वेत, म्हणजे लोकलच्या मालडब्यात किंवा फलाटावर माल गेला तर 139 ला फोन करा आणि लोहमार्ग पोलिसांकडे तक्रार द्या.

तिसरं, कोणता गुन्हा आहे हे आपल्याला माहीत असावं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 नुसार मालवाहू वाहनातून माल चोरणं किंवा वाहनच चोरणं याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वाहतुकीसाठी किंवा गोदामात ठेवण्यासाठी विश्वासानं सोपवलेला माल त्या माणसानंच लाटला, तर कलम 316 लागतं, तिथेही सात वर्षांपर्यंत. तक्रारीत "हरवला" असं लिहू नका. माल भरून दिला आणि पोचला नाही, असं चलनाचा नंबर घालून लिहा. शब्दानं फरक पडतो.

माल सापडला तर तो कोर्टातून परत मिळवता येतो. नाशवंत माल असेल तर लगेच अर्ज करा. तुमचं चलन, फोटो, सुतळीचा रंग यावरूनच तो तुमचा आहे हे सिद्ध होईल. एरवी तांदळावर कुणाचं नाव लिहिलेलं असतं?

स्वस्तात आलेला डबा

आता दुसरी वाट. रस्त्यालगतच्या गावांत कधी कुणी येतं. "तेलाचे डबे आहेत, निम्म्या भावात देतो." "साखरेची पोती आहेत, बिल नाही पण माल एक नंबर." डिझेलचे कॅन तर असतातच. फराळाचा, पापडाचा धंदा करणाऱ्या गटाला हा मोह होतो. तेलाच्या डब्यात पाचशे रुपये वाचले तर कुणाला नको?

थांबा आणि विचारा, हा माल निम्म्या भावात का? चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असूनही तो घेतला, तर कलम 317 नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "मला काय माहीत" हे उत्तर निम्मा भाव आणि बिल नाही यापुढे टिकत नाही. सही गटाच्या अध्यक्ष-सचिवांची असते, त्यामुळे निस्तरावंही त्यांनाच लागतं.

त्याहून मोठा धोका पोटाचा आहे. आपल्या भागातून खाद्यतेलाचेही टँकर जातात आणि रसायनांचेही. कॅनमध्ये काय आहे, आधी त्या कॅनमध्ये काय होतं, कुणी सांगायचं? त्या तेलात तळलेली चकली आपल्याच गटाच्या नावानं, आपल्या अन्न परवान्याच्या नंबरानं पाकिटात जाते. एका गिऱ्हाइकाला बाधलं तर दहा वर्षांचं नाव एका दिवसात जाईल. म्हणून बिलाशिवाय कच्चा माल घ्यायचाच नाही, असा ठराव करा.

ट्रक पलटी झाला की काय होतं तेही आपण पाहतो. माणूस केबिनमध्ये अडकलेला असतो आणि लोक पिशव्या घेऊन धावतात. सांडलेला माल बेवारस नसतो, त्याला मालक असतो. उचलणं ही चोरीच. आणि जीवाचं काय? जून 2023 मध्ये द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ कुणे इथे टँकर पेटला तेव्हा चार जणांचा जीव गेला. त्यात पुलाखालच्या रस्त्यावरून जाणारेही होते. त्यांनी टँकरला हातही लावलेला नव्हता, ते फक्त जवळ होते. आपल्या पोरांना घरात बसून सांगा: टँकर पडला की जवळ जायचं नाही, मोबाइल काढून व्हिडिओ करायचा नाही, लांब जाऊन 112 ला कळवायचं.

संशय आपल्या माणसावर आला तर

तिसरी वाट सर्वात दुखरी. आपल्यापैकी किती जणींच्या घरात कुणी टेम्पो चालवतं, गोदामात ठेकेदाराकडे काम करतं, रात्रीची वॉचमनची ड्युटी करतं! माल कमी भरला की पहिली चौकशी त्याचीच. वाडीवरचा पोरगा असेल, कातकरी-ठाकर समाजाचा असेल, तर संशय आणखी लवकर येतो. वरून पगार कापला जातो.

त्यानं करायच्या गोष्टी तशा साध्या आहेत. ड्युटी घेताना आणि सोडताना वहीत वेळ आणि सही. गाडी ताब्यात घेताना सीलचा नंबर पाहून मोबाइलवर फोटो. सील तुटलेलं असेल तर गाडी हलवायच्या आधीच मालकाला मेसेज. बोलून ठेवू नका, लिहून पाठवा. नग मोजू दिले नसतील तर पावतीवर "नग मोजले नाहीत" असं लिहूनच सही. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर अटकेचं कारण सांगणं, घरच्यांना कळवणं आणि 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर मोफत मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. चौकशीसाठी बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब घरीच घ्यायचा असतो, हेही लक्षात असू द्या.

आणि खरंच चूक केली असेल तर? तर घरानं पाठीशी घालू नये, पण एकटंही सोडू नये. दोन गोण्यांच्या मोहात तरुण पोराची सात वर्षं जाऊ शकतात, हे त्याला आधीच सांगितलेलं बरं.

रेशन दुकान चालवणाऱ्या गटांसाठी

आपल्या काही गटांकडे रास्त भाव दुकान आहे. द्वारपोच गाडी आली की पोती मोजतो, पण तोलतो का? पोतं 50 किलोचं म्हणतात. रिकाम्या तागाच्या पोत्याचंच वजन अर्ध्या किलोहून जास्त भरतं. म्हणजे काट्यावर पोतं धरून साडेपन्नासच्या पुढे दिसायला हवं. कमी आलं तर ड्रायव्हरसमोरच पावतीवर शेरा. वरून कमी आलेलं धान्य शेवटी दुकानदाराच्या, म्हणजे गटाच्याच नावावर तूट म्हणून दिसतं, आणि लाभार्थी बाई तुमच्याच दारात भांडायला येते. ती चुकीची नसते.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हा लेख एका ताईनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मग पाच गोष्टींवर बोला आणि इतिवृत्तात लिहा.

1. मागच्या वर्षात किती वेळा माल कमी पोचला? आठवून आकडा लिहा. रुपयांतही लिहा.
2. तीन प्रतींचं चलनबुक आणायचं. ते कोणाकडे राहील?
3. माल भरताना आणि उतरवताना गटाच्या दोघी हजर राहतील. पाळी लावा.
4. नव्या खरेदीदाराला पहिला माल आगाऊ पैशांवर किंवा हातोहात पैशांवरच. उधारी किती आणि कोणाला, हे ग्रामसंघ ठरवेल. "आजच गाडी पाठवतो" म्हणणाऱ्याला एक दिवस थांबवायचं. त्याच्या दुकानाचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक घ्यायचा आणि जवळच्या ओळखीच्या माणसाला तिथे पाठवून खात्री करायची.
5. भरलेली गाडी रात्री उभी ठेवायची नाही. पहाटे भरायची, लगेच काढायची.

पहिल्या मुद्द्याचे आकडे मला प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत द्या. नाव नको, गटाचा क्रमांकही नको, फक्त किती नग आणि किती रुपये एवढं चिठ्ठीवर लिहा. सगळ्या ग्रामसंघांची बेरीज झाली की दोन्ही तालुक्यांचं मिळून आपलं किती जातं ते कळेल. तो आकडा हातात असला तर एकत्र वाहतुकीचा आणि विम्याचा प्रस्ताव मांडता येईल, पोलीस ठाण्यातही आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाईल.

उन्हात वाळवलेले पापड, रात्र रात्र जागून भरलेली पाकिटं, कर्ज काढून घेतलेली गिरणी, हे सगळं त्या एका टेम्पोत चढतं. टेम्पो वळणाआड गेला की काम संपलं असं समजू नका. तिकडून "माल मिळाला, नग बरोबर" असा निरोप आणि सहीची प्रत हातात आली, की मगच वहीत "विक्री पूर्ण" असं लिहा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, कर्जत-खालापूर